हातातल्या खेळाचा वारस केव्हा येतो?



२०२३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझा एक विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. सुट्टीत तो नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर हिशेब लिहिण्याचे काम करी. अंगाला मिरचीचा खाट येत होता, आणि खिशात दोन हंगामांची साठवलेली मजुरी होती. त्याचा धाकटा भाऊ आठवीत शिकत होता. त्या भावाला हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम घेऊन द्यायचा, असा त्याचा बेत होता. जपानातल्या निन्टेंडो कंपनीचा तो गेम, नाव स्विच. पैसे जमले होते, पण मन थबकले होते. तो म्हणाला, “सर, हा गेम निघून साडेसहा वर्षं झाली. सगळे म्हणतात, आता याच्या पुढचा येणार. आत्ता घेऊ की थांबू? तुम्ही इतिहासाचे आहात, तुम्हीच सांगा.”

इतिहासाच्या मास्तराला भविष्य विचारणारा भेटला, की तो जरा फुशारतो. मीही फुशारलो. म्हटले, “दोन दिवस दे. हिशेब करून सांगतो.” तो हिशेब मी कसा केला आणि त्याचे पुढे काय झाले, हे आज तुम्हाला सांगायचे आहे. विषय खेळण्याचा आहे खरा. पण जुन्यावरून नव्याचा अंदाज कसा बांधावा, हा प्रश्न पेरणी करणाऱ्यालाही आहे आणि शाळा चालवणाऱ्यालाही आहे.

प्रथम या घराण्याची वंशावळ पाहू.

आपल्यापैकी चाळिशीच्या आसपास असलेल्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेत तो करड्या रंगाचा लहानसा खेळ पाहिला असेल. वरून विटा पडतात, त्या फिरवून ओळीत बसवायच्या. ओळ भरली की नाहीशी होते. खोक्यावर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. घरी आणून मोजले की दहा-बारा भरत, बाकी सगळे तेच ते वेग बदलून! एकमुखी दत्ताचे दर्शन झाले, घोडेबाजार पाहून झाला, की आम्ही मुले त्या दुकानापुढे उभी राहत असू. तो पडणाऱ्या विटांचा खेळ मुळात १९८४ साली मॉस्कोत जन्मला. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो रचला, नाव टेट्रिस. मॉस्कोचा खेळ तापीकाठच्या यात्रेत आला तो वाटेत एका जपानी घराण्याचे पाणी पिऊन आला.

ते घराणे निन्टेंडोचे. १८८९ साली क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी पत्ते बनवण्याचा धंदा काढला. फुलांची चित्रे असलेले हे जपानी पत्ते. पुढे १९६५ साली या कारखान्यात गुन्पेई योकोई नावाचा तरुण यंत्रांची देखभाल करायला लागला. फावल्या वेळात त्याने लांब होणारा लाकडी चिमटा करून पाहिला. मालकाच्या नजरेस तो पडला. रागावण्याऐवजी मालकाने तेच खेळणे बाजारात आणायला सांगितले, आणि १९६६ साली ते धडाक्याने खपले. त्या दिवसापासून योकोई खेळणी करणारे झाले.

याच योकोईंची एक आठवण सांगतात. जपानच्या वेगवान रेल्वेगाडीत त्यांना एक थकलेला नोकरदार खिशातल्या हिशेबयंत्राची बटणे उगाच दाबत बसलेला दिसला. वेळ घालवायला माणसाला हातात मावेल असे काहीतरी हवे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. हिशेबयंत्रांच्या कंपन्यांमध्ये तेव्हा अशी चुरस लागली होती, की त्यांचे काचेचे छोटे पडदे अगदी स्वस्त झाले होते. योकोईंनी तेच पडदे घेतले आणि १९८० साली ‘गेम अँड वॉच’ नावाचा खिशातला खेळ काढला. एका खेळण्यात एक खेळ, आणि वर घड्याळ.

योकोईंचा एक सिद्धांत होता. नवेकोरे, महागडे तंत्र घेऊ नका. जे जुने होऊन मुरले आहे, ज्याचे गुणदोष कळले आहेत, जे स्वस्त झाले आहे, ते घ्या आणि नव्या जागी वापरा. लोणचे मुरल्यावरच चवीला येते, तसेच हे. पुढच्या साऱ्या हिशेबाला हा सिद्धांत उपयोगी पडणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा.

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानात ‘गेम बॉय’ आला. यात खेळ बदलता येई, म्हणजे एकाच यंत्रावर कितीही खेळ. पडदा मात्र साधा, हिरवट. रंग नाहीत, दिवा नाही. त्याच वर्षी अमेरिकेत अटारी कंपनीने रंगीत पडद्याचा गेम काढला. त्याची किंमत गेम बॉयच्या जवळजवळ दुप्पट होती. पुढल्या वर्षी सेगा कंपनीचा रंगीत गेम आला. पण त्याला सहा पेन्सिल सेल लागत, आणि ते तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉयला चार सेल लागत, आणि ते दहा-पंधरा तास सहज चालत. आपल्या गावांत रोज वीज जाण्याचे दिवस ज्यांनी काढले आहेत, त्यांना यातला फरक समजावून सांगायला नको. रंगीत मागे पडले, हिरवट पुढे गेले. अमेरिकेत गेम बॉयबरोबर टेट्रिस देऊ लागले आणि तो घरोघर पोचला. आखाती युद्धात जळून काळाठिक्कर पडलेला एक गेम बॉय चालू स्थितीत न्यूयॉर्कच्या दुकानात कित्येक वर्षे मांडून ठेवलेला होता, इतके ते खेळणे काटक. यात्रेतला आमचा करडा खेळ हा याच घरातला बिनवारशाचा, बिननावाचा भाऊ.

आता मूळ प्रश्न: याचा वारस केव्हा आला? माझ्या विद्यार्थ्यासाठी मी पाटीवर तारखा मांडल्या. तुम्हीही वर्गात फळ्यावर मांडून पाहा; मुलांना वजाबाकीचा कंटाळा येणार नाही.

एप्रिल १९८९ ला गेम बॉय. ऑक्टोबर १९९८ ला रंगीत गेम बॉय. त्याच वर्षी जुलैत आपला जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला, म्हणजे तो आपल्या जिल्ह्याच्या जन्मवर्षातला. मार्च २००१ ला गेम बॉय ॲडव्हान्स. नोव्हेंबर २००४ ला दोन पडद्यांचा डीएस. फेब्रुवारी २०११ ला थ्रीडीएस. मार्च २०१७ ला स्विच. मधली अंतरे पाहा: साडेनऊ वर्षे, मग जेमतेम अडीच, मग पावणेचार, मग सव्वासहा, मग सहा. सरासरी काढली तर साडेपाच वर्षांच्या आतबाहेर येते. मार्च २०१७ मध्ये साडेपाच वर्षे मिळवली, की २०२२ चा पावसाळा संपून दिवाळी येते. म्हणजे २०२३ च्या दिवाळीत वारसाला यायला आधीच एक वर्ष उशीर झालेला!

एवढ्यावर मी थांबलो नाही. खपाचे आकडे पाहिले. मार्च २०२१ अखेरच्या वर्षात स्विच जगभर २ कोटी ८८ लाख गेले होते. पुढच्या वर्षी २ कोटी ३० लाख. त्याच्या पुढच्या वर्षी १ कोटी ८० लाखांच्या आत. खप उतरणीला लागला, म्हणजे म्हातारपण आले. मी त्याला ठामपणे सांगितले, “थांब. पुढच्या दिवाळीपर्यंत नवा येतो.”

आणि पुढच्या दिवाळीला काहीही आले नाही.

मंडळी, माझी वजाबाकी चुकली नव्हती. चूक वजाबाकीच्या आधीची होती. वेगवेगळ्या कारणांनी घडलेल्या गोष्टी एका पंगतीत बसवून मी त्यांची सरासरी काढली. तापीची सरासरी खोली गुडघाभर आहे, असे कळले म्हणून कोणी डोळे मिटून नदीत उतरत नाही. प्रत्येक अंतरामागचे कारण पाहायला हवे होते. ते आता पाहू.

पहिला गेम बॉय साडेनऊ वर्षे का टिकला? सातव्या वर्षी तो खरोखरच थकला होता. पण फेब्रुवारी १९९६ मध्ये पोकेमॉन हा खेळ आला. सातोशी ताजिरी या गृहस्थांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. त्या नादातून हा खेळ जन्मला. प्राणी पकडायचे, आणि दोन गेम बॉय तारेने जोडून मित्राशी अदलाबदल करायचे. वठलेल्या झाडाला पालवी फुटली. रंगीत भाऊ धरून गेम बॉयचा खप ११ कोटी ८६ लाखांवर गेला. एखादा चांगला खेळ यंत्राचे आयुष्य वाढवतो, हे सरासरीत कोठे दिसते?

मग २००१ चा वारस अडीच वर्षांतच का आला? कारण रंगीत गेम बॉय हा तसा पुरता वारस नव्हताच. जुन्या घराला रंग दिला होता, इतकेच. आणि २००४ चा डीएस? तो काढताना कंपनी सांगत होती, की हा कोणाचाही वारस नाही, हा आमचा वेगळा तिसरा खांब आहे. जुना खांब तसाच राहणार. पण लोकांनी नव्यालाच गादीवर बसवले. १५ कोटी ४० लाख डीएस खपले, आणि जुना खांब हळूच निघाला. म्हणजे वारस कोण, हे ठरवायला कंपनीचे शब्द पुरत नाहीत. ते लोक ठरवतात आणि नंतर कळते.

२०१७ च्या स्विचची गोष्ट आणखी निराळी. तोवर कंपनीची दोन घरे होती: एक दूरदर्शन संचाला जोडायच्या यंत्राचे, एक हातातल्या यंत्राचे. पहिल्या घरात २०१२ साली आलेले यंत्र आपटले. स्विचने दोन्ही घरे एक केली: हातात धरा नाहीतर दूरदर्शनला जोडा. आधी दोन चुलींवर वाटले जाणारे सरपण आता एका चुलीत लागले, म्हणून ती जास्त वेळ पेटती राहिली. शिवाय २०२० च्या टाळेबंदीत घरात अडकलेल्या जगाने स्विच अक्षरशः उचलून नेले. ज्या खपाला मी उतरण म्हणालो, ती एका फार उंच डोंगराची उतरण होती. अर्ध्यावर उतरूनही ती सपाटीपेक्षा उंचच होती.

आता तुम्ही म्हणाल, इतकी डोकेफोड कशाला? कंपनीने सरळ सांगून टाकावे, अमुक महिन्यात नवा येणार. ती सांगत नाही, यालाही इतिहास आहे, आणि त्याचे एक टोक आपल्या देशात आहे.

ॲडम ऑस्बोर्न नावाचे एक गृहस्थ होते. बालपण तमिळनाडूत गेले. मोठेपणी अमेरिकेत गेले. १९८१ साली त्यांनी उचलून नेता येईल असा संगणक विकायला काढला. वजन होते ११ किलो, म्हणजे उचलून नेणाऱ्याची परीक्षाच. तरी तो चांगला खपला. मग १९८३ साली, जुना माल गोदामात असतानाच, याहून सरस नवा संगणक येतो आहे, अशी हाकाटी झाली. गिऱ्हाइके म्हणाली, मग थांबू. दुकानदारांनी मागणी थांबवली. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. दिवाळ्याला इतरही कारणे होती, असे जाणकार सांगतात. पण धंदेवाल्यांनी धडा घेतला तो हाच. ऑस्बोर्न अखेरच्या दिवसांत परत तमिळनाडूत आले आणि २००३ साली कोडाईकनालला वारले.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हे शहाणपण कोणी शिकवावे लागत नाही. उद्या याहून उमदे घोडे उतरणार आहेत, असे आजच्या दावणीपाशी उभा राहून कोणता व्यापारी ओरडेल? म्हणून निन्टेंडोनेही तोंड मिटून ठेवले. ७ मे २०२४ रोजी अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी एवढेच जाहीर केले, की वारसाविषयीची घोषणा मार्च २०२५ च्या आत करू. म्हणजे घोषणेची घोषणा! १६ जानेवारी २०२५ ला तो दाखवला, आणि ५ जून २०२५ ला बाजारात आला. नाव स्विच २. चार दिवसांत ३५ लाख खपले. मधले अंतर सव्वाआठ वर्षे. माझ्या सरासरीपेक्षा जवळजवळ पावणेतीन वर्षे अधिक.

आणखी एक सावधगिरी. प्रत्येकाला वारस होतोच असे नाही. सोनी कंपनीने २००४ साली पीएसपी नावाचा हातातला गेम काढला. तो सात कोटींहून अधिक खपला. २०११ साली त्याचा मुलगा व्हिटा आला. दिसायला देखणा, तंत्रात उजवा. पण तोवर खेळ भ्रमणध्वनीवर गेले होते. २०१९ साली त्याचे उत्पादन थांबले, तेव्हा गादीवर बसायला कोणीच नव्हते. जे लोक व्हिटाच्या वारसाची वाट पाहत बसले, त्यांनी किती वर्षे पाहिली असेल, याचा विचार करा.

मग इतिहासातून काहीच कळत नाही का? कळते, पण तारीख कळत नाही, लक्षणे कळतात. मृग लागला म्हणून पाऊस पडत नाही. वारा फिरला, ढग भरून आले, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, की शेतकरी तिफण बाहेर काढतो. तशी इथली लक्षणे तीन. एक, जुन्याचा खप नुसता उतरून चालत नाही, त्याला सावरणारा नवा खेळही येईनासा व्हावा लागतो. दोन, नव्याला लागणारे सामान मुरून स्वस्त व्हावे लागते. योकोई १९९७ साली अपघातात गेले, पण त्यांचा सिद्धांत त्या घरात अजून राबतो. तीन, कंपनी घोषणेची घोषणा करते. तिसरे लक्षण दिसेपर्यंत बाकी सगळे बाजारगप्पांत धरावे.

या हिशेबाने स्विच २ चा वारस २०३१ च्या आत येईल असे मला वाटत नाही. २०३२ किंवा २०३३ म्हणेन. पण माझ्या या शब्दावर कोणी घरचा बेत आखू नये. का, ते सांगून संपवतो.

२०२५ च्या जूनमध्ये तो विद्यार्थी पुन्हा आला. नवा गेम त्याच्या ऐपतीबाहेर होता. पण नवा आल्यावर लोक जुने विकायला काढतात. तसा सुरतेला एक जुना स्विच त्याला बऱ्या भावात मिळाला होता. मी म्हटले, “चल, थांबल्याचा फायदा तरी झाला. भाऊ खूश असेल.”

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सर, तो आता दहावीला गेला. त्यानं स्वतःच मला सांगितलं, दादा, कपाटात ठेव. परीक्षा झाल्यावर बघू.”

मी पाटीवर गेम बॉयपासूनच्या सगळ्या तारखा मांडल्या होत्या. आठवीतला मुलगा दोन वर्षांनी दहावीत जातो, ही एक तारीख तेवढी मांडायची राहिली. सगळ्या हिशेबात बिनचूक ठरली असती, अशी तीच एक होती.